हंगामाचे फळ आणि हलालची मर्यादा



मार्च महिन्यात आलेल्या एका रमजानमधील प्रसंग आहे. कोकणातील आमच्या मशिदीत मगरिबची अजान होण्याच्या बेतात होती. दस्तरखानावर खजूर, केळी आणि कलिंगडाच्या फोडी मांडलेल्या होत्या. कृषिशिक्षण घेऊन वडिलांची जमीन कसण्यासाठी गावी परतलेल्या एका तरुणाने खजुराची वाटी पुढे सरकवली, पाण्याच्या घोटाने रोजा सोडला आणि कलिंगडाची फोड उचलली. आपल्या परिसरात पिकते तेच, आणि त्याच्या हंगामातच खायचे, असा त्याचा वर्षभराचा नेम होता. एका बुजुर्गांनी विचारले, "बेटा, सुन्नत सोडतोस?" त्याने उत्तर देण्यापूर्वीच मी सर्वांसमक्ष म्हणालो, "अल्लाहने हलाल केलेले स्वतःवर हराम करून घेणे ही नेकी नव्हे." त्याने मान खाली घातली.

माझे वाक्य तत्त्व म्हणून खरे होते. सूरह अल्-माइदाच्या 87 व्या आयतीत अल्लाहने श्रद्धावंतांना बजावले आहे की, त्याने हलाल केलेल्या चांगल्या वस्तू त्यांनी हराम ठरवू नयेत. परंतु ते वाक्य त्या तरुणाला लागू होते काय, हे मी त्याला विचारले नव्हते. त्या रात्री तरावीहनंतर मला झोप लागली नाही.

दोन हदीस मनात घोळू लागल्या. पहिली बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. प्रेषित (स.) यांच्यापुढे भाजलेली घोरपडीसारखी एक वाळवंटी सरड्याची जात ठेवण्यात आली. आपण (स.) हात मागे घेतला. हजरत खालिद बिन वलीद (रजि.) यांनी ती हराम आहे काय, असे विचारले. आपण (स.) नाही म्हणालात, आपल्या लोकांच्या भूमीत ती आढळत नाही म्हणून मन होत नाही, एवढेच कारण सांगितले. हजरत खालिद (रजि.) यांनी ती तिथेच खाल्ली. म्हणजे एखादी वस्तू न खाणे आणि ती हराम ठरवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि 'आमच्या भागातील नाही' हे न खाण्याचे कारण असू शकते.

दुसरी हदीस खुद्द इफ्तारचीच. प्रेषित (स.) ताज्या खजुरांनी रोजा सोडत, त्या नसल्या तर सुक्या खजुरांनी, त्याही नसल्या तर पाण्याच्या काही घोटांनी. या क्रमाकडे नीट पाहा. ताजा खजूर हे मदीनेच्या उन्हाळ्याचे फळ होते. ते मिळेल तेव्हा घ्यावे, न मिळेल तेव्हा अडून बसू नये, ही शिकवण त्या क्रमातच सामावलेली आहे. खजूर हातात असताना त्याने रोजा सोडणे अधिक चांगले, हे मी आजही म्हणेन. परंतु पाण्याने रोजा सोडणाऱ्याला सुन्नत सोडणारा म्हणणे ही माझी घाई होती.

दुसऱ्या दिवशी मी त्याला भेटलो. तो म्हणाला, "मौलाना, मी खजुराला हराम म्हटलेच नाही. अब्बांची कलिंगडे गिऱ्हाईक नाही म्हणून शेतात कुजताना पाहिली आणि आपल्याच घरात दुरून आलेली फळे होती. तेव्हा ठरवले, जे आपल्या मातीत आज तयार आहे ते आधी खायचे. बाकीच्यासाठी थांबायचे."

'थांबायचे' हा शब्द माझ्या मनात राहिला. वाचकहो, रोजा आणखी काय शिकवतो? दुपारी समोर ठेवलेले पाणी हलाल मालमत्ता असते, तरीही आपण सूर्यास्ताची वाट पाहतो. ते वाईट असते म्हणून नव्हे, त्याची वेळ आलेली नसते म्हणून. आंब्यासाठी उन्हाळ्याची आणि टाकळ्याच्या भाजीसाठी पहिल्या पावसाची वाट पाहणारा हाच सब्र वर्षभर करतो. वाट पाहून मिळालेल्या घासावर 'अल्हम्दुलिल्लाह' अंतःकरणातून निघते. सहीह मुस्लिममध्ये आहे की, हंगामाचे पहिले फळ आणले जाई तेव्हा प्रेषित (स.) बरकतीची दुआ करत आणि ते उपस्थितांतील सर्वांत लहान मुलाला देत. बारमाही मिळणाऱ्या वस्तूला पहिले फळ नसते. म्हणून ती दुआही आपल्या घरांतून हरवत चालली आहे.

मात्र येथेच सावध राहावे लागते. जवळचे ते पवित्र आणि दूरचे ते अपवित्र, असे इस्लामने कोठेही सांगितलेले नाही. सूरह कुरैशमध्ये हिवाळ्या-उन्हाळ्याच्या व्यापारी सफरी ही अल्लाहची कृपा म्हणूनच आठवून दिल्या आहेत. काश्मीरचा सफरचंद पिकवणाराही अल्लाहचाच बंदा आहे.

उलट, गावातले फळही गावातले आहे म्हणून निर्दोष ठरत नाही. आपल्याकडे मोहोरावरच बाग देण्याची रीत आहे. फळ तयार होण्याची चिन्हे दिसण्यापूर्वी त्याची विक्री करण्यास प्रेषित (स.) यांनी मनाई केली, अल्लाहने फळच रोखले तर भावाचे पैसे कोणत्या हक्काने घ्याल, असे विचारले. मग दारातला हापूस अभिमानाने खाताना तो सौदा कसा झाला, हे कोण विचारणार? सूरह अल्-अन्आमच्या 141 व्या आयतीत फळ आले की खा, कापणीच्या दिवशी त्याचा हक्क द्या आणि उधळपट्टी करू नका, या तिन्ही आज्ञा एकत्र आहेत. पावसाच्या पाण्यावरील पिकाचा दहावा आणि कष्टाने सिंचन केलेल्या पिकाचा विसावा हिस्सा गरिबांचा आहे. फळे व भाज्यांच्या बाबतीत इमामांमध्ये मतभेद आहेत. पण भात पिकवूनही ज्याच्या घरी उश्राचा विचारच होत नाही, त्याने केवळ स्थानिक खाल्ल्याने काय साधले?

म्हणून माझे मत असे. हा नेम करण्यास हरकत नाही. हेतू शुक्र, संयम आणि शेजारच्या शेतकऱ्याचा आधार हा असेल तर त्यात अज्राची आशा आहे. परंतु त्याला शरीअत समजू नये, तो आजाऱ्यावर किंवा घरच्यांवर लादू नये, आणि त्यातून दुसऱ्याच्या ताटाकडे तुच्छतेने पाहू नये. कोणाच्या घरी पाहुणे गेल्यास तो बाजूला ठेवावा. यजमानाचे मन राखण्यासाठी नफ्ल रोजाही सोडण्याची मुभा फुकहांनी दिली आहे. मग हा तर आपणच आखलेला नेम.

राहिली माझी चूक. बोल सर्वांसमक्ष लावला होता, म्हणून माफीही सर्वांसमक्ष, त्याच दस्तरखानावर मागितली. तो काही बोलला नाही. त्याने एक खजूर उचलला, माझ्या हातावर ठेवला आणि स्वतः कलिंगडाची फोड घेतली. त्या वर्षी मोहल्ल्यातील काही घरांनी इफ्तारची कलिंगडे त्याच्याच शेतातून घेतली.

अल्लाह आपल्या अन्नात बरकत देवो, आणि बोलण्यापूर्वी विचारून घेण्याची समज देवो. आमीन.