जंगलाने गॅलरी आत घेतली

मुंबईच्या माणसाला गॅलरी दिसली की ती आत घ्यावीशी वाटते. आधी चिकाचा पडदा येतो, मग सरकत्या काचा, मग धाकट्याची कॉट. म्हणूनच बोरिवलीच्या जंगलाने गॅलरी आत घेतली तेव्हा मला त्याचे भारी कौतुक वाटले. 104 चौरस किलोमीटर जागा असूनही ते शेवटी मुंबईकरच निघाले!

गॅलरी म्हणजे गोरेगावची आरे वसाहत. 2019 च्या ऑक्टोबरात मेट्रोच्या कारशेडसाठी तिथली दोन हजारांवर झाडे पडली आणि मुंबईभर आरडाओरडा झाला. 2020 साली सरकारने आरेतली सुमारे आठशे एकर जमीन राखीव वन करण्याचे जाहीर केले. 2021 मध्ये 812 एकर वनखात्याकडे गेली. (कारशेड शेवटी आरेतच झाली. नव्या खोलीत मधोमध खांब यायचाच!)

आमच्या बँकेच्या भाषेत ही नुसती ट्रान्स्फर एंट्री. एका खात्याला नावे, दुसऱ्याला जमा. झाड एकही वाढले नाही. काल आपण दुग्धविकास खात्यात होतो आणि आज वनखात्यात आलो, हे बिबट्याला कोणी कळवलेही नसेल. पण एंट्रीला किंमत असते, साहेब. सेव्हिंगमधले पैसे कधी उडतात ते कळत नाही. मुदत ठेव मोडताना माणूस चारदा विचार करतो.

घोटाळा पुढेच आहे. गॅलरीत दोरीवर कोणाचे तरी कपडे वाळत असतात. आरेत वारल्यांचे पाडे आहेत, 1949 साली दुग्धवसाहत आली त्याच्याही आधीपासूनचे. आणि 1927 चा भारतीय वन कायदा काय म्हणतो? राखीव वन करायचे तर आसपासच्या गावांत स्थानिक भाषेत जाहीर करा, किमान तीन महिन्यांची मुदत द्या. हक्क असेल त्याने लेखी द्यावे, नाहीतर समक्ष येऊन सांगावे. जो गप्प राहील त्याचा हक्क, सबळ कारण दाखवले नाही तर, खलास!

बँकेत दहा वर्षे कोणी फिरकले नाही तर पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. पण बाराव्या वर्षी म्हातारा पासबुक घेऊन उभा राहिला, तर ते त्याला मुकाट्याने परत द्यावे लागतात. गप्प बसला म्हणून कोणाचे बुडत नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याने वनवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचे प्रस्तावनेतच कबूल केले. अर्थात त्यालाही अर्ज आणि पुरावे लागतातच!

आता मला सांगा, बिबट्याने कुठे अर्ज केला होता? अजून न जन्मलेल्या नातवंडांनी कुठे सही केली होती? तरी त्यांचा हक्क मानला, म्हणून तर जंगल वाढले. मग न बोलणाऱ्याला हक्क असतो हा नियम बिबट्याला लागू आणि वारल्याला नाही, हा कुठला हिशेब?

जॉइंट अकाउंटच्या फॉर्मवर पुष्कळ लोक 'दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील तो' असे लिहितात. जंगलाच्या फॉर्मवर तेवढे नको. तिथे 'दोघे मिळून' लिहावे. मागे कोण राहील, याची वाट पाहण्यात अर्थ नाही.