देवाशी भांडायला बसताना

बसा. मांडी घालायलाच हवी असं नाही. गुडघे दुखत असतील तर खुर्ची घ्या, पाठ टेकवा. डोळे उघडेच राहू द्या. ध्यान म्हटलं की डोळे मिटायचे हा आपल्याकडचा शिरस्ता. पण ज्याने लहानपणी घरातच वर्षानुवर्षं भीती सोसली, त्याला डोळे मिटल्यावर शांतता भेटत नाही, तेच घर भेटतं. दार कुठे आहे ते बघून ठेवा. वाटेल तेव्हा उठून जाता येतं, हे शरीराला आधी कळू द्या.

तळपाय जमिनीला लावा. फरशी गार आहे की कोमट? एवढंच बघा. श्वास मोजू नका. सोडताना जरा सावकाश सोडा, पुरे. लांब उच्छ्वासाने हृदयाचे ठोके किंचित मंदावतात. ते आपोआप होतं, त्यासाठी मन एकाग्र व्हावं लागत नाही.

आज एकच गोष्ट मनात घोळवायची आहे. ज्याच्यावर श्रद्धा आहे त्याचाच राग आला, तर त्या रागाचं काय करायचं?

लगेच उत्तर नको. प्रश्न नुसता समोर राहू द्या.

अपघात एकदाच होतो आणि संपतो. त्याची जखम एका जातीची. पण मारहाण, अपमान, छळ वर्षानुवर्षं चालला, निसटायला वाट नव्हती आणि करणारा बहुधा आपल्याच माणसांतला होता, तर ती जखम निराळी. ज्युडिथ हर्मन या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी १९९२ साली तिच्याबद्दल सविस्तर लिहिलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, म्हणजे ती लागू झाली त्या २०२२ पासून, या गुंतागुंतीच्या आघाताला स्वतंत्र जागा मिळाली. भूतकाळ अंगावर येणं, आठवणी टाळणं आणि सतत सावध राहणं हे तर असतंच. शिवाय भावना आवरत नाहीत किंवा पार बधिर होतात, आपण कवडीमोल आहोत असं वाटत राहतं आणि जवळच्या माणसांत टिकून राहणं जड जातं. माझं म्हणणं असं, की त्या जवळच्यांत देवही येतो. ज्याने पालक म्हणून फक्त मारणारा हात पाहिला, त्याच्या देवघरातला देवही पुष्कळदा हात उगारूनच उभा असतो.

हर्मन यांच्या मांडणीत आधी सुरक्षितता येते, मग आठवणं आणि शोक करणं, मग पुन्हा माणसांत येणं. म्हणून आपणही आधी दार पाहिलं, फरशी चाचपली.

आता एक वाक्य आठवा. दुःखाच्या दिवसांत तुम्हाला कुणीतरी ऐकवलेलं. सगळ्यात टोचणारं नको, मधलंसं घ्या. ‘देवाला चांगली माणसं लवकर लागतात.’ ‘मागच्या जन्मीचं काहीतरी असेल.’ ‘तूच खचलीस तर मुलांनी कुणाकडे बघायचं?’ बोलणारी माणसं वाईट नव्हती. त्यांना समोरचं रडणं सोसवत नव्हतं, म्हणून त्यांनी देवाला मध्ये घातलं. ते वाक्य मनात येताना शरीरात काय होतं बघा. घसा आवळतो? जबडा? पोटात खड्डा? तिथे दोन क्षण लक्ष न्या आणि परत तळपायांकडे आणा. पुन्हा घशाकडे, पुन्हा तळपायांकडे. एवढीच ये-जा. दुखऱ्या जागी मुक्काम करायचा नाही.

आणि काहीच जाणवलं नाही तर तेही चालेल. बधिरपणाने एकेकाळी तुम्हाला वाचवलं आहे, त्याला हाकलू नका.

रागाचा तो प्रश्न घेऊन आता देहूकडे, तुकोबांकडे जाऊ. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांचा व्यापार बुडाला, पहिली पत्नी गेली, संतू नावाचा मुलगा गेला. पत्नी अन्नाविना मेली, हे त्यांनी स्वतःच अभंगात नोंदवलं आहे, आणि त्याबरोबर वाटलेली लाजही. ती लाज आपल्या कीर्तनांतून बहुधा गाळली जाते. संकट आलं आणि वैराग्य झालं, असं एका दमात सांगून मोकळं व्हायची आपल्याला सवय. त्या दोहोंच्या मध्ये केवढा काळ गेला असेल? एकांतासाठी भामनाथाचा डोंगर होता, आणि मोडकळीला आलेल्या विठ्ठलमंदिराची डागडुजीही त्यांनी केली. दुःख सांगता येत नव्हतं तेव्हा हातांना काम होतं, असं मला तो अभंग वाचताना वाटतं. हा माझा अंदाज. तुकोबांनी तसं म्हटलेलं नाही.

याच तुकोबांनी विठ्ठलाला काय काय ऐकवलं! निष्ठुर म्हटलं, लबाड म्हटलं, आपल्यापुरता तो उरलाच नाही इथवर बोलून गेले. जनाबाईनेही त्याला खरमरीत शिव्या घातल्या. त्यासाठी त्यांना कुणी वारकरी संप्रदायाबाहेर काढलं नाही, उलट ते अभंग जपले गेले. जात्यावरच्या ओव्यांतही बायांनी विठ्ठलाला भाऊ म्हणून, सखा म्हणून आपली सासुरवासाची कहाणी ऐकवली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पहाटे, अंधारात, ऐकायला कुणी पुरुष नसताना बोलायची ती जागा होती.

म्हणजे भांडायची सोय आपल्या परंपरेतच आहे. दुखावलेल्या माणसाची श्रद्धा खोडून न काढणारा, पण तिच्या नावाखाली त्याला गप्पही न करणारा उपचार हीच सोय वापरतो.

केनेथ पार्गामेंट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने धर्म आणि दुःख यांच्या नात्यावर आयुष्यभर काम केलं. रुग्णालयातल्या वयस्कर रुग्णांचा त्यांचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. देवाने आपल्याला टाकलं असं वाटणाऱ्यांमध्ये पुढच्या दोन वर्षांत मृत्यूची जोखीम जास्त दिसली. नंतरच्या पाहणीत, देवाशी असलेला हा कलह ज्यांच्या मनात तसाच टिकून राहिला त्यांची तब्येत अधिक खालावलेली आढळली. हे वाचून घाबरू नका. मी यातून एवढंच घेते, की असा राग एकट्याने गिळून बसण्याजोगा नाही.

जमत असेल तर एक वाक्य बोला. मोठ्याने, किंवा नुसते ओठ हलवून. ‘तू कुठे होतास?’ किंवा ‘मला तुझ्याशी आज बोलायचं नाही.’ देवघरासमोरच बसायला हवं असं नाही. देवाच्याच नावाने, एखाद्या बुवाकडून, गुरूकडून किंवा सोवळ्याओवळ्याच्या धाकातून ज्याला जखम झाली, त्याने हा भाग सरळ सोडून द्यावा. खिडकीबाहेरचं झाड बघावं. क्षमेची तर बातच नको. आघात करणाऱ्याला माफ केल्याशिवाय बरं होता येत नाही, असं कुणी सांगत असेल तर त्याला घाई झाली आहे.

जे गेले त्यांच्याशी बोलायचं राहून गेलं असेल, तर त्यालाही आपल्याकडे जागा आहे. दहाव्याला पिंड ठेवून कावळ्याची वाट बघताना घरचे लोक हात जोडून म्हणतात, ‘पोरीचं लग्न आम्ही करू, काळजी करू नकोस.’ कावळ्यावर विश्वास असो नसो, गेलेल्याशी सगळ्यांदेखत बोलण्याची ती मुभा असते. अडचण अशी की तेराव्यानंतर ती काढून घेतली जाते आणि ‘आता सावर’ सुरू होतं. शोक म्हणजे गेलेल्यापासून सुटणं, ही समजूत पाश्चात्त्य मानसशास्त्रातही बराच काळ होती. १९९६ साली क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या अभ्यासकांच्या पुस्तकाने तिला धक्का दिला. नातं संपत नाही, त्याचं रूप बदलतं, असं त्यांनी मांडलं. तेव्हा आज त्या माणसाला एक गोष्ट सांगा. मोठी नको. घराला रंग दिला, धाकटा दहावी झाला, असली.

पुन्हा तळपाय. फरशी. खोलीतल्या तीन वस्तूंची नावं मनात घ्या.

हे मनन उपचारांची जागा घेत नाही. झोप उडाली असेल, जगणं नकोसं होत असेल तर १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, बोलणं मोफत आहे. समुपदेशकाकडे जायचं ठरलं, तर पहिल्या भेटीतच विचारून टाका: ‘मी रोज दिवा लावते आणि देवावर चिडलेलीही आहे, दोन्ही इथे बोलता येईल ना?’ ऐकून तो देवाची वकिली करू लागला, किंवा दिवा लावणं हाच आजार ठरवू लागला, तर दुसरा समुपदेशक शोधायला तुम्ही मोकळे आहात.