माहितीचाही हिशेब द्या

गणेशोत्सव मंडळ असो, वाचनालय असो की शाळा चालवणारा ट्रस्ट, आपल्याकडच्या संस्थांना पैशाचा हिशेब ठेवायची सवय आहे. अकरा रुपयांची वर्गणी घेतली तरी पावती फाडली जाते, स्थळप्रत पुस्तकात राहते, वर्षअखेरीस लेखापरीक्षण होतं, ताळेबंद धर्मादाय आयुक्तांकडे जातो. खजिनदार बदलला की जुना नव्याच्या हाती पै न् पै मोजून देतो. त्यात घोळ निघाला तर संस्थेचं नाव जातं आणि गेलेलं नाव लवकर परत येत नाही. ही शिस्त अनेकांनी पदरमोड करून, आपला वेळ घालून उभी केली आहे. तिच्याबद्दल मनापासून आदर वाटतो म्हणूनच एक प्रश्न विचारावासा वाटतो. याच संस्थांच्या वेबसाइटवर येणाऱ्या माणसाकडून नाव, मोबाइल नंबर, जन्मतारीख, पत्ता घेतला जातो. त्याने स्वतः होऊन न सांगितलेलंही बरंच काही टिपून घेतलं जातं. त्याचा हिशेब कोणाकडे आहे?

नवी मुंबईत राहणाऱ्याने हा प्रश्न विचारायला एक खास कारण आहे. ठाणे-बेलापूर रस्त्याने ऐरोलीहून तुर्भ्याकडे निघालात तर रबाळे, महापे या भागात उंच, जवळजवळ बिनखिडक्यांच्या इमारती दिसतात. एकेकाळी हा पट्टा रासायनिक कारखान्यांसाठी ओळखला जायचा. आता तिथे डेटा सेंटर उभी राहिली आहेत आणि राहत आहेत. समुद्राखालून आलेल्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, एमआयडीसीची जमीन आणि वीज हाताशी आहे, म्हणून देशाच्या डेटा सेंटर क्षमतेत मुंबई-नवी मुंबईचा वाटा सर्वांत मोठा आहे. नागपूरच्या किंवा पाटण्याच्या माणसाने भरलेला एखादा फॉर्म आपल्या घरापासून दोन-तीन किलोमीटरवरच्या यंत्रात जाऊन बसलेला असू शकतो. लोकांची ठेव आपल्या गावात आहे.

आणि घेण्याआधी संमती विचारली का, हा प्रश्न या गावाला नवा नाही. नवी मुंबई वसवण्यासाठी १९७० साली सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल, उरण परिसरातल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घेतली गेली. नोटिसा आल्या, ‘नको’ म्हणायची सोय त्यात नव्हती. जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि दास्तान फाट्याला आंदोलकांवर गोळीबार झाला, पाच जणांनी जीव गमावला. प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांनी लढून, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळवला तो त्यानंतर. त्या रक्ताची बरोबरी एखाद्या मोबाइल नंबरशी करणं मला शोभणार नाही आणि मी ती करतही नाही. पण ‘आम्हाला विचारलं होतं का?’ हा प्रश्न इथल्या आगरी-कोळी घरांतून दोन पिढ्या ऐकू येतो आहे. त्या जमिनीवर राहणाऱ्या आपण तरी तो हलका समजू नये.

वेबसाइट उघडली की तळाशी एक पट्टी वर येते. ‘अधिक चांगल्या अनुभवासाठी आम्ही कुकी वापरतो’ असं इंग्रजीत लिहिलेलं असतं. शेजारी ठळक निळं किंवा हिरवं बटण: मान्य आहे. नकाराचं बटण बहुतेक ठिकाणी नसतंच. त्याऐवजी फिकट करड्या अक्षरांत ‘सेटिंग्ज’ असतं. ते दाबलं की दुसरा पडदा उघडतो, त्यावर चार-पाच खटके असतात, त्यातले बरेचसे आधीच चालू करून ठेवलेले. एकेक बंद करा, खाली जा, ‘निवड जतन करा’ शोधा. ज्याला बाळाच्या लसीची वेळ बघायची आहे किंवा मुलीच्या प्रवेशाची यादी, तो हे कशाला करेल? तो हिरवं बटण दाबतो. संस्था म्हणते, संमती मिळाली.

कुकी मुळात वाईट नाही. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीत लू माँटुली या तरुण अभियंत्याने ती तयार केली. अडचण साधी होती: वेबसाइटला आठवण नसते. एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलेला माणूस तोच आहे, हे तिला कळत नाही. म्हणून माणसाच्याच ब्राउझरमध्ये मजकुराचा एक छोटा तुकडा ठेवायचा आणि पुढच्या वेळी तो वाचून त्याला ओळखायचं. टोपलीत टाकलेली वस्तू टोपलीत राहते, एकदा मराठी निवडली की पुढचं पानही मराठीत उघडतं, ते यामुळे. याला कोणी हरकत घेणार नाही.

बिघडतं ते पुढे. संस्थेच्या पानावर नकाशा बाहेरून आणलेला असतो, व्हिडिओ बाहेरचा, किती लोक आले हे मोजणारं साधन बाहेरचं, समाजमाध्यमाचं बटण बाहेरचं. काही वेळा तर डोळ्यांना दिसणारही नाही असं एका ठिपक्याएवढं चित्र असतं. ते फक्त कोण आलं हे कळवण्यासाठी तिथे ठेवलेलं असतं. यांतला प्रत्येक जण आपली ओळखीची खूण त्या ब्राउझरमध्ये ठेवू शकतो. त्याच कंपनीचा तुकडा इतर हजारो वेबसाइटवरही असतो. मग सकाळी साखरेच्या तपासणीचं पान, दुपारी शाळेच्या फीचं, रात्री वैयक्तिक कर्जाचं, अशी त्या माणसाची दिवसभराची ये-जा एका धाग्यात ओवली जाते. त्याने हे कोणालाच सांगितलेलं नसतं.

संस्थाचालकांशी बोलताना एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘ते सगळं वेबसाइटवाल्याने केलंय.’ आणि ते खरं असतं. कुणाच्या तरी ओळखीतल्या मुलाने तयार साच्यातून वेबसाइट बनवून दिली, मोजणीचं साधन साच्याबरोबरच आलं, गोपनीयता धोरणाचं पान कुठल्या तरी परदेशी कंपनीच्या वेबसाइटवरून जसंच्या तसं उचललं. कोपरखैरण्याच्या संस्थेच्या पानावर कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना कोणते हक्क आहेत हे छापलेलं मी वाचलं आहे; इथल्या माणसाने तक्रार कुठे करायची ते मात्र त्यात नव्हतं. यात कोणाचा वाईट हेतू नाही, हे मला मान्य आहे. पण खजिनदाराने ‘पेटी कुठे ठेवलीय ते मला माहीत नाही, ती सुताराने केलीय’ असं सर्वसाधारण सभेत सांगितलं तर आपण ऐकून घेऊ का?

आमच्या सोसायटीतल्या एका ताईंनी मुलीसाठी अकरावीच्या क्लासची चौकशी केली. वेबसाइटवर फीचा तक्ता हवा होता. तो पाहायचा तर आधी मुलीचं नाव, दहावीचे टक्के, आई-वडिलांचे मोबाइल नंबर आणि राहण्याचा विभाग भरा, मगच तक्ता उघडेल. त्यांनी भरलं. दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. त्या क्लासचे आले, ज्यांचं नावही ऐकलं नव्हतं अशा दुसऱ्या क्लासचे आले, शैक्षणिक कर्जवाल्यांचे आले. ‘तुमच्या मुलीला दहावीला कमी टक्के आहेत ना?’ असं एका अनोळखी माणसाने फोनवर विचारलं, तेव्हा त्या घाबरल्या. सोळा वर्षांच्या मुलीचे गुण, तिचं नाव, ती कुठल्या सेक्टरमध्ये राहते, हे किती जणांकडे गेलं हे त्यांना कधीच कळणार नाही. आणि ही माहिती मागायची गरज काय होती? फीचा तक्ता भिंतीवर लावता येतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो खटला न्या. के. एस. पुट्टस्वामी या निवृत्त न्यायमूर्तींनी दाखल केलेला होता. त्याच सुमाराला वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा सुचवण्यासाठी न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांची समिती नेमली गेली. मुंबई दंगलीच्या चौकशी आयोगामुळे हे नाव महाराष्ट्राला चांगलं माहीत आहे. समितीने २०१८ मध्ये अहवाल दिला; कायदा व्हायला ऑगस्ट २०२३ उजाडला आणि नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. बहुतेक जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत आहे.

कायद्यात संमतीची व्याख्या नेमकी केली आहे. ती मोकळेपणाने दिलेली हवी, ठरावीक कामापुरती हवी, माहिती देऊन घेतलेली हवी, तिला अट जोडलेली नको आणि ती स्पष्ट कृतीतून दिसायला हवी. दिलेली संमती मागे घेणं हे ती देण्याइतकंच सोपं असायला हवं. कायद्याने उदाहरणही दिलं आहे: डॉक्टरांचा सल्ला देणारं अ‍ॅप फोनमधली संपर्कांची यादी मागतं आणि माणूस ‘हो’ म्हणतो. तरीही ती संमती सल्ल्याला लागणाऱ्या माहितीपुरतीच धरली जाईल, कारण सल्ला द्यायला संपर्कांची यादी लागत नाही. सूचना इंग्रजीबरोबर आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचायची सोय द्यायची आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांचा माग काढून त्यांना जाहिराती दाखवायला मनाई आहे. आणि काम बाहेरच्या माणसाला दिलं तरी जबाबदारी संस्थेचीच राहते. ‘वेबसाइटवाल्याने केलंय’ हे उत्तर चालणार नाही.

युरोपने ही वाट आधी चालून पाहिली. आधीच खूण करून ठेवलेली चौकट म्हणजे संमती नव्हे, असं तिथल्या न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये ठरवलं. जानेवारी २०२२ मध्ये फ्रान्सच्या माहिती-संरक्षण यंत्रणेने गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड जाहीर केला. कारण एवढंच की कुकी स्वीकारायला एक क्लिक पुरत होती आणि नाकारायला जास्त लागत होत्या.

आपल्या कायद्यातही उणीव आहे आणि ती बोलून दाखवली पाहिजे. सरकारी सेवा किंवा लाभ देताना सरकारी यंत्रणेला काही बाबतीत संमती न घेताही माहिती वापरता येते. सिडकोने २०२४ मध्ये २६ हजार घरांसाठी अर्ज मागवले, तेव्हा घर हवं असलेल्या कुटुंबाने आधार, पॅन सगळं भरलं. घराच्या आशेने रांगेत उभा राहिलेला माणूस ‘हे कशाला हवं?’ असं विचारत नाही, विचारू शकत नाही. जिथे नकार देताच येत नाही, तिथे घेणाऱ्याने स्वतःला आवर घालायला हवा. घर न मिळालेल्यांची कागदपत्रं किती काळ ठेवायची, हे सोडतीच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापायला कोणत्याही कायद्याची वाट बघावी लागत नाही.

‘माझ्याकडे लपवण्यासारखं काय आहे?’ असं पुष्कळ लोक म्हणतात. त्यांच्याकडे नसेल. पण घरात एकच फोन असलेली बाई नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून रात्री कुठल्या तरी समुपदेशन केंद्राचं पान उघडते, तिचा विचार करा. दुसऱ्या दिवशी त्याच फोनवर, नवऱ्याच्या हातात, त्याच विषयाची जाहिरात उघडली तर? मदत करायला निघालेल्या संस्थेनेच तिला धोक्यात घातलं, असं होईल. अशा केंद्राच्या पानावर बाहेरचा एकही तुकडा असू नये. किती लोक आले हे मोजायचा मोह होणारच, अनुदान देणाऱ्याला आकडा दाखवायचा असतो. तो मोह सोडावा, किंवा माणूस ओळखता येणार नाही अशा रीतीने मोजावं. हेच रुग्णालयाला लागू आहे आणि व्यसनमुक्ती केंद्रालाही.

लहान संस्थांची अडचण मला ठाऊक आहे. पगारी माणूस नाही, वकील परवडत नाही, कार्यकारिणीतले निम्मे सत्तरीच्या पुढचे. पण यातलं पुष्कळसं काम बिनखर्चाचं आहे. व्याख्यानाच्या नोंदणीला जन्मतारीख लागत नाही, ती चौकट काढून टाकता येते. नकाराचं बटण होकाराच्या शेजारी, त्याच आकाराचं ठेवता येतं. स्पर्धेचे फॉर्म निकालानंतर पुसता येतात. एक्सेलची यादी पाच जणांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असते, ती एका ठिकाणी कुलुपात ठेवता येते. सभासदांची यादी वर्षातून एकदा तपासली तर वारलेल्या माणसाच्या नावाने वाढदिवसाचा संदेश त्याच्या घरी जाणार नाही. असा संदेश आलेलं घर मी पाहिलं आहे. त्याच्या पत्नीने तो वाचला आणि फोन तसाच खाली ठेवला.

सोसायट्यांच्या आणि संस्थांच्या वार्षिक सभांना आपल्यापैकी बरेच जण जातात. ताळेबंद मंजूर होतो, चहा येतो, ऐनवेळचे विषय पुकारले जातात. तिथे उभं राहून अध्यक्षांना चार गोष्टी विचाराव्यात: आपल्या वेबसाइटवर येणाऱ्यांची कोणकोणती माहिती आपण घेतो, ती कोणाच्या ताब्यात आहे, बाहेरच्या कोणत्या कंपन्यांना दिसते आणि कधी पुसली जाते. यंदा उत्तर मिळालं नाही तर प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घ्यावा, म्हणजे पुढच्या सभेला मागच्या इतिवृत्ताचं वाचन होईल तेव्हा तो सभेपुढे येईल आणि पदाधिकाऱ्यांना त्यावर बोलावंच लागेल.