सौजन्याची उमेदवारी

सौजन्य शिकवितां येतें काय, हा प्रश्न जुनाच आहे. परंतु आज तो नीतिशास्त्राच्या ग्रंथांतून उठून कारखान्यांच्या व कचेऱ्यांच्या दारांत येऊन उभा राहिला आहे. ऐकून घेणें, संयम राखणें, चूक कबूल करणें, चौघांशीं जुळवून काम करणें, या गुणांना हल्लीं ‘सॉफ्ट स्किल्स’ म्हणतात. १९७२ च्या सुमारास अमेरिकन लष्कराच्या शिक्षणविभागांत ही संज्ञा वापरली गेली, तेव्हां यंत्राशीं ज्यांचा फारसा संबंध येत नाहीं अशीं कौशल्यें, एवढाच तिचा अर्थ होता. आतां पुष्कळ ठिकाणीं यंत्राचें काम यंत्रच उरकतें आणि माणसाजवळ विकावयास उरतें तें त्याचें वागणें.

मुंबईचें गिरणगांव पाहावें. तेथें नवखा मुलगा ओळखीच्या जुन्या कामगाराशेजारीं उभा राहून तुटलेला धागा सांधावयास शिके. मुकादमाची मर्जी कशी सांभाळावी, हा धडाही त्याला तेथेंच मिळे. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपांत सुमारें अडीच लक्ष कामगार उतरले. पुढें एकामागून एक गिरण्या बंद पडल्या, आणि लोअर परळच्या फिनिक्स गिरणीच्या आवारांत आज दुकानें झगमगतात. साच्याला कामगाराच्या सुराची पर्वा नव्हती. गिऱ्हाइकाला ती असते. म्हणून दुकानांतल्या मुलीला आज हसावयास शिकवितात.

येथेंच शंका उत्पन्न होते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शिल्ड यांनीं १९८३ सालीं विमानांतील सेविकांच्या कामाचा अभ्यास प्रसिद्ध केला. पगारासाठीं भावना घडवाव्या लागल्या म्हणजे माणसाला आपल्याच भावना परक्या वाटूं लागतात, हें त्यांनीं दाखविलें. मग नोकरींत शिकलेलें सारें सौजन्य ढोंगच म्हणावयाचें काय?

तसें म्हणवत नाहीं. घरें बांधूनच माणूस गवंडी होतो, तसा न्यायानें वागूनच तो न्यायी होतो, असें अ‍ॅरिस्टॉटलचें मत आहे. सवयीचें पहिलें पाऊल थोडें कृत्रिम असावयाचेंच. आपण मुलाला नमस्कार करावयास लावतों, तेव्हां त्याच्या मनांत आदर असतोच असें नाहीं. तरी त्याला कोणी ढोंगी म्हणत नाहीं. परंतु अ‍ॅरिस्टॉटल हेंही बजावतो कीं, बांधण्याच्याच कामांतून चांगले गवंडी निपजतात आणि वाईटही निपजतात. तेव्हां भेद पडतो तो कशानें?

आमच्या मतें तो शिकविणाऱ्याच्या वर्तनानें पडतो. मुलाचा नमस्कार पुढें खरा होतो, कारण घरांतलीं वडील माणसेंही कोणापुढें तरी वांकतांना त्यानें पाहिलेलीं असतात. ‘गिऱ्हाइकाचें शांतपणें ऐकून घ्या’ असें सांगणारा अधिकारी जर उमेदवाराचें एक वाक्यही पुरें होऊं देत नसेल, तर उमेदवार ऐकण्याची विद्या शिकत नाहीं. बलवंतापुढें गप्प बसण्याची शिकतो. आपल्याकडील १९६१ च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्यानें विद्यावेतन, कामाचे तास आणि मालकाचीं कर्तव्यें ठरवून दिलीं. पण उमेदवाराचें म्हणणें आदरानें ऐकलें जावें, हें कोणत्या कलमांत बसविणार?

यावर मालक म्हणेल, ‘मला गिऱ्हाईक संतुष्ट हवें, नोकराच्या सद्गुणाशीं माझें काय काम?’ त्यानें एवढें ध्यानांत ठेवावें कीं, वरून हुकमानें उतरलेलें सौजन्य माणूस पाहून बदलत नाहीं. एखादे दिवशीं कामांत मोठी चूक होईल आणि ती वेळींच सांगणारा माणूस त्याला हवा असेल. त्या दिवशीं तो नोकर त्याच्याही तोंडाकडे पाहून, शिकविल्याप्रमाणें, नुसता हसेल.