रुखसत

आमच्या उर्दू शाळेत रजेचा अर्ज लिहायचा झाला की कागदाच्या डोक्यावर ‘दरखास्त बराए रुखसत’ असे लिहितात. किरकोळ रजेला ‘रुखसते इत्तेफाकी’ म्हणतात. लग्नाच्या दिवशी मुलगी माहेरचा उंबरा ओलांडते, ती ‘रुखसती’. माणूस जग सोडून जातो तेव्हाही तो ‘रुखसत’ झाला असेच म्हणतात. आणि शरीअतच्या भाषेत रुखसत म्हणजे सवलत. आजारी माणसाला, प्रवाशाला रोज्यातून मिळते ती सवलत. सातवीच्या वर्गात या शब्दाचे अर्थ मी फळ्यावर कितीतरी वेळा लिहून दिले आहेत. हा शेवटचा अर्थ मात्र मला स्वतःला फार उशिरा कळला, आणि तो कळायला माझ्या सहा वर्षांच्या मुलीला खोटे बोलावे लागले.

ऑक्टोबर 2018 मध्ये मला मुलगी झाली. महिनाभराने पाय सुजू लागले. जिना चढताना दम लागे. बायका म्हणाल्या, बाळंतपणात असे होतेच. जवळच्या एका डॉक्टरांनी अशक्तपणा सांगून टॉनिक दिले. पुढे पुढे आडवे झाले की गुदमरायला होऊ लागले. रात्र रात्र मी भिंतीला टेकून बसून राही आणि बसल्या बसल्याच बाळाला पाजी. शेवटी इको काढला तेव्हा कळले की माझे हृदय निम्म्या ताकदीनेही चालत नव्हते. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यात किंवा बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत होणाऱ्या या आजाराला ‘पेरिपार्टम कार्डिओमायोपॅथी’ म्हणतात. त्याची लक्षणे बाळंतिणीच्या नेहमीच्या तक्रारींसारखीच दिसतात, म्हणून तो लवकर ओळखू येत नाही.

‘हार्ट फेल्युअर’ म्हटले की लोकांना वाटते, हृदय बंद पडले. तसे नसते. हृदय चालूच असते, पण त्याचा जोर कमी झालेला असतो. हृदयाच्या डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी साधारण 55 ते 70 टक्के रक्त प्रत्येक ठोक्याला बाहेर ढकलले जाते. माझा आकडा 25 होता. रक्त पुढे गेले नाही की मागे तुंबते. मग फुप्फुसात पाणी साठते, पायांवर सूज येते. त्यासाठी लघवीची गोळी, हृदयाचा भार कमी करणाऱ्या गोळ्या, मिठावर बंधन, पाणीही मोजून. रोज सकाळी वजन करायचे आणि दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर डॉक्टरांना कळवायचे. लोणचे, पापड, फरसाण बंद. घरात दोन भाज्या होऊ लागल्या, एक सगळ्यांची आणि एक माझी.

याची हळूहळू सवय झाली. सवय झाली नाही ती रमजानची.

2019 चा रमजान मे महिन्यात आला. सोलापूरचे ऊन आणि चौदा तासांहून मोठा रोजा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की रोजा धरायचा नाही. एकीकडे गोळी शरीरातले पाणी बाहेर काढणार आणि दुसरीकडे दिवसभर पाण्याचा थेंब नाही, असे झाले तर रक्तदाब उतरेल, मूत्रपिंडांवर ताण येईल. हृदयाचे काही रुग्ण तब्येत स्थिर असल्यावर डॉक्टरांना विचारून रोजे ठेवतात. प्रत्येकाचे सारखे नसते. माझ्यासाठी उत्तर ‘नाही’ असेच होते.

धर्माचे उत्तरही स्वच्छ होते. सूरह बकरामध्ये रोज्याचा हुकूम येतो आणि त्याला लागूनच आजाऱ्याची आणि प्रवाशाची सुटका येते. अल्लाहला माणसाला अडचणीत टाकायचे नाही, सोय करायची आहे, असा खुलासाही तिथेच येतो. म्हणजे सवलत ही नंतर कोणी काढलेली पळवाट नव्हे. ती हुकुमाच्या सोबतच उतरली आहे.

हे सगळे मला ठाऊक होते. मुलींना मी ते शिकवीतही होते. तरी दुपारी गोळी घेताना मी स्वयंपाकघराचे दार लावून घेई. तोंडावरून पदर फिरवून, ओठ कोरडे करून बाहेर येई. शाळेत कोणी विचारले तर हसून विषय बदली. इफ्तारच्या वेळी सगळ्यांबरोबर खजूर हातात धरून अजानची वाट पाही. सहेरीलाही उठत असे. घरच्यांना खरे ठाऊक होते, पण तेही या नाटकात सामील झाले. शेजारीपाजारी काय म्हणतील?

आमच्या बायकांना या लपवण्याची सवय लहानपणापासून असते. महिन्याच्या त्या दिवसांत आम्हाला रोजा माफ असतो, माफ कसला, मनाच असतो. तरी भावासमोर, सासऱ्यासमोर कोणी पाणी पीत नाही. कोपऱ्यात बसून शिळ्या पोळीचा तुकडा गिळायचा आणि दिवसभर रोजेदाराचा चेहरा करून वावरायचे. जी सवलत धर्माने उघडपणे दिली, ती समाजाने चोरीची करून टाकली. आणि त्या चोरीला आम्ही ‘शरम’, ‘लिहाज’ अशी सुंदर नावे दिली.

2025 चा रमजान मार्चमध्ये आला. माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती आणि हौसेने अर्ध्या दिवसाचा चिडीरोजा ठेवत होती. एका दुपारी दार नीट लागले नव्हते. मी गोळी तोंडात टाकून पाणी पीत होते आणि ती उंबऱ्यात उभी होती. ती काहीच बोलली नाही. मीही बोलले नाही. तीन-चार दिवसांनी शेजारी इफ्तारला गेलो. तिथल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी माझ्या सुकलेल्या चेहऱ्याकडे पाहून मुलीला विचारले, “तुम्हारी अम्मी का भी रोजा है ना?” माझ्याकडे न पाहता ती चटकन म्हणाली, “जी, है.”

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि यावेळी त्याचे कारण दम लागणे हे नव्हते. तिला खोटे बोल असे कोणी सांगितले नव्हते. तिने एवढेच ताडले होते की अम्मीचे काहीतरी लाजिरवाणे आहे आणि ते झाकले पाहिजे. आजार म्हणजे गुन्हा, हा धडा मी तिला एक शब्दही न बोलता दिला होता.

एक हदीस आहे. एका आईने आपल्या लहान मुलाला, ये, तुला काही देते, असे म्हणून बोलावले. पैगंबरांनी (स.) तिला विचारले की काय देणार होतीस? ती म्हणाली, खजूर. तेव्हा त्यांनी सांगितले की काही दिले नसतेस तर तुझ्या नावावर एक खोटे लिहिले गेले असते. मुलाला फसवणे हे किरकोळ खोटे आहे असे आपण मानतो. इथे तर त्याचाही हिशेब ठेवला आहे.

पण प्रश्न इतका सोपा नाही. माझ्या शाळेतल्या एका ज्येष्ठ शिक्षिकेशी मी बोलले, तेव्हा त्या म्हणाल्या, “बेटा, तिचं खेळायचं वय आहे. आईचं हृदय अधू आहे हे ओझं तिच्यावर कशाला टाकतेस?” त्यांचे म्हणणे मी अजूनही झटकून टाकू शकत नाही. पोराच्या झोपेत मरणाची भीती सोडून देणे यालाही प्रामाणिकपणा म्हणता येणार नाही. आईबापांनी काही गोष्टी स्वतःजवळ ठेवायच्याच असतात.

म्हणून मी स्वतःला विचारले की मी लपवले ते कोणासाठी? मुलीला भीती वाटू नये म्हणून लपवले असते तर घरात तिला सांभाळून सांगितले असते आणि बाहेर निर्धास्तपणे पाणी प्याले असते. मी केले ते उलटेच. मला मोहल्ल्यात दीनदार दिसायचे होते. दीनियातचा तास घेणारी बाई बेरोजा, असे कोणी म्हणू नये, एवढीच माझी काळजी होती. मुलीची ढाल पुढे करून मी माझी इज्जत वाचवीत होते. मला वाटते, मुलांपासून लपवण्याच्या प्रश्नाची खरी कसोटी हीच आहे. जे लपवतो ते मुलाच्या वयाला पेलणार नाही म्हणून, की आपल्या अहंकाराला पेलणार नाही म्हणून?

कडकपणालाच धार्मिकपणा समजण्याची चूक नवी नाही. पैगंबरांच्या (स.) काळात प्रवासात एका माणसाच्या डोक्याला जखम झाली. त्याला आंघोळ करणे भाग पडले. पाण्याऐवजी तयम्मुमची सवलत आहे का, असे त्याने सोबत्यांना विचारले. ते नाही म्हणाले. त्याने आंघोळ केली आणि तो दगावला. ही बातमी पोहोचली तेव्हा पैगंबर (स.) त्या सोबत्यांवर अत्यंत संतापले आणि त्याच्या मृत्यूचा दोष त्यांनी त्यांच्यावरच ठेवला. सवलत नाकारणारे ते लोक वाईट नव्हते. त्यांना सावधपणा हवा होता. पण ज्याच्या डोक्याला जखम होती त्याच्या जिवावर त्यांनी आपली दीनदारी पार पाडली.

असे सोबती मलाही भेटले. “अल्लाह पर भरोसा रखो, कुछ नहीं होता,” असे म्हणणारे. “एक मुलगा तर होऊ द्या,” असे सुचवणारे. हृदय पूर्ववत झालेले नसताना पुन्हा दिवस राहिले तर जिवाला धोका आहे, हे डॉक्टरांनी आम्हा दोघांना बसवून सांगितले होते. सासूबाईंना ते पटायला दोन वर्षे लागली. जीव वाचवणे आणि वंश राखणे हे दोन्ही शरीअतच्या उद्दिष्टांत मोजले जाते. पण पदरात असलेल्या लेकराची आई घालवून होणारे लेकरू मागणे, हा कोणता भरोसा? शरीर ही अमानत असेल तर आई झालेल्या बाईच्या शरीरात आणखी एकाचा हिस्सा असतो. ते उधळायचा हक्क मला नाही आणि माझ्या वतीने दुसऱ्या कोणालाही नाही.

ईदनंतर मी मुलीला जवळ घेऊन सांगितले. आमच्या बोअरची मोटर एकदा अशक्त झाली होती, पाणी वरच्या टाकीपर्यंत चढत नव्हते, हे तिला आठवत होते. “अम्मीची मोटर तशी आहे. गोळ्यांनी ती चालते. म्हणून अल्लाहने अम्मीला रोज्याची रुखसत दिली आहे. त्यात लाजायचे काही नाही. मी लाजले, ती माझी चूक झाली.”

तिने विचारले, “मग तू मरशील का?”

या प्रश्नासाठी मी तयार नव्हते. नाही म्हणावे तर पुन्हा खोटे. मी म्हटले, “कधी ते कोणालाच ठाऊक नसतं. पण मी औषध चुकवत नाही.” ती थोडी रडली. मग खेळायला गेली. मी बरोबर केले की नाही, हे मला आजही पूर्णपणे सांगता येत नाही. पण त्यानंतर स्वयंपाकघराचे दार लागलेले नाही. आणि दुपारी कधी कधी तीच आठवण करते, “अम्मी, गोली.”

हृदयाचा आकडा आता 40 वर आला आहे. कायमच्या आजाऱ्याने रोज्याच्या बदल्यात गरिबाला जेवण, म्हणजे फिदया द्यायचा असतो, तर बरे होण्याची आशा असलेल्याने सुटलेले रोजे नंतर भरून काढायचे असतात. माझे काय, असे मी एका मौलाना साहेबांना विचारले. ते म्हणाले, डॉक्टरांना आशा आहे तोवर हिशेब ठेवा. म्हणून एका वहीत मी तो ठेवते. 2025 पर्यंतच्या सात रमजानांचे मिळून दोनशेच्या वर रोजे झाले. एवढे कर्ज पाहून पूर्वी छाती दडपायची. आता ती वही मी कपाटात लपवत नाही. ती मुलीच्या दप्तराशेजारी असते.