दगड आहे, देव आहे

हिंजवडी मुळशी तालुक्यात मोडते, हे तिथल्या आयटी पार्कात रोज येणाऱ्या अनेकांच्या गावीही नसतं. जपानी ग्राहकांच्या कामासाठी तिथला मराठी माणूस जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची पहिली पायरी, म्हणजे एन-फाइव्ह, चढू लागतो तेव्हा सुरुवातीचे दिवस सुखाचे जातात. क्रियापद वाक्याच्या शेवटी, प्रत्यय नामाच्या मागे, कर्ता गाळला तरी चालतो. वर्णांचा क्रमसुद्धा क-स-त-न असा, बौद्ध भिक्षूंबरोबर चीनमार्गे गेलेल्या आपल्या वर्णमालेच्या वळणाचा. हे तर आपलंच, असं वाटू लागतं आणि मग 'मिन्ना नो निहोंगो' या पाठ्यपुस्तकाचा दहावा धडा येतो. तिथे 'आहे' दोन होतात. टेबलावर पुस्तक आहे ते 'आरु', टेबलाखाली मांजर आहे ते 'इरु'. नियम पाठ करायला दहा मिनिटं पुरतात. मागे उरणारा प्रश्न मात्र व्याकरणाचा नाही. अमुक जिवंत आणि तमुक नाही, हे ठरवतं कोण?

नियम दिसतो तितका सरळ नाही. तळ्यातला मासा 'इरु', मासळीच्या दुकानातला तोच मासा 'आरु'. ड्रायव्हरसकट उभी असलेली टॅक्सी 'इरु' होऊ शकते. झाड मात्र, पालवी फुटत असली तरी, 'आरु'च. म्हणून जपानी मनाला झाड निर्जीव वाटतं असं कुणी म्हणेल, तर शिंतो देवस्थानातल्या जुन्या झाडाकडे बघावं. त्याच्या बुंध्याला पेंढ्याचा जाड दोर वळून बांधलेला असतो. मुळशीच्या डोंगरातल्या देवराईत कुऱ्हाड न्यायला माणूस कचरतो, तसंच तिथेही. म्हणजे क्रियापद एक सांगतं आणि हात दुसरंच करतात. उलटी चूक आपल्याकडे होते. मराठीत सगळ्यांना एकच 'आहे', तेव्हा अद्वैत आपल्या भाषेतच मुरलंय, अशी फुशारकी मारायला फार सोपी. 'अमृतानुभवा'त ज्ञानेश्वरांनी जग हा चैतन्याचाच विलास आहे असं मांडलं ते युक्तिवादाच्या बळावर. क्रियापदाने त्यांचं काम हलकं केलेलं नव्हतं. शिवाय मराठीही भेद करतेच, फक्त दुसऱ्या जागी. आपण घर पाहतो, डोंगर पाहतो, पण आजीला पाहतो. आणि पंढरपुरात? 'विठोबाची मूर्ती पाहिली' आणि 'विठोबाला पाहिलं' ही दोन वाक्यं दोन वेगळी माणसं बोलतात, किंवा एकच माणूस दोन वेगळ्या क्षणी.

यावर आक्षेप येईल की ही नुसती भाषेची सवय. खुर्ची स्त्रीलिंगी म्हणून तिला कुणी बाई मानत नाही. खरं आहे. पण खुर्चीचं लिंग बोलणाऱ्याच्या हाती नसतं. माशाचा 'इरु' आणि विठोबाचा 'ला' मात्र तो जागच्या जागी निवडतो, आणि जिथे निवड आहे तिथे त्याची साक्ष काढता येते. दुसरा आक्षेप अधिक अवघड. 'ला' तर भिंतीलाही लागतो: भिंतीला रंग दिला, गाडीला धक्का मारला. तिथे ती देण्याची किंवा स्पर्शाची जागा आहे. पाहणं, सोडणं, विसरणं या क्रियांच्या कर्माशी येईपर्यंत भेद दिसत नाही. तिथेही भाषा चाचरते, हे कबूल करायला हवं. कारखान्यातून आपण गणपती आणतो, 'ला' न लावता. प्राणप्रतिष्ठेनंतर बाप्पाला एकट्याला घरी सोडून जात नाही, पण गणपती बसवला, हे तसंच राहतं. जपानमध्येही हा संक्रमणाचा क्षण आहे. इ.स. 752 मध्ये नाराच्या तोदाइजी मंदिरात महाबुद्धाचे डोळे रंगवून मूर्ती जागवली गेली, तेव्हा कुंचला धरला होता बोधिसेन या भारतीय भिक्षूने. त्या बुद्धाबद्दल आजही कुणी 'आरु' म्हणतं, तर कुणी आदराने 'इराश्शारु', म्हणजे आपल्याकडचं 'विराजमान आहेत'. मूर्ती तीच, कांस्य तेच. तेव्हा सजीवपण वस्तूत दडलेलं असतं आणि व्याकरण ते फक्त नोंदवतं, असं म्हणता येत नाही. व्याकरण ते घडवतं, असंही नाही. बोलणारा त्या वस्तूशी कोणतं नातं धरून आहे, एवढंच ते उघड करतं. हे मनाचे खेळ म्हणून झटकणाऱ्याने आजीचाच विचार करावा. तिचं जिवंतपण आपल्याला कळतं तेही नात्यातूनच.

'इरु'चा मूळ अर्थच बसणं, ठाण मांडणं असा. जुन्या जपानीत माणसांनाही 'आरु'चंच जुनं रूप चालत असे. बसण्याचं क्रियापद हळूहळू सजीवांच्या असण्याचं झालं. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागू नये. घट बसतात, देव बसतात, गाव बसतं आणि गाव उठतंही. 1921 च्या रामनवमीला मुळशी पेट्यात टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला. पुढे सेनापती बापट त्याचे नेते म्हणून ओळखले गेले. भूसंपादनाच्या कागदावर जमीन एकरात मोजली जाते, तिची किंमत ठरते, आणि ती घेतली जाते, अर्थातच 'ला'शिवाय. जमीन सोडायची, असं मावळ्यालाही म्हणता येतंच. पण तिला काळी आई म्हटलं की 'काळी आई सोडायची' हे वाक्य तोंडातून निघत नाही. काळ्या आईला सोडायचं, असंच म्हणावं लागतं. धरण झालं, पाणी चढलं, गावं उठली. तलाव तिथे आहे. दहाव्या धड्यानुसार, 'आरु'.