चपला काढायची जागा

माझी आजी चर्चच्या दारात चपला काढते. नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावात सगळेच काढतात, कारण आत बाकं नाहीत, सतरंजीवर बसायचं असतं. पण मागे एकदा तिला पुण्यातल्या चर्चमध्ये घेऊन गेलो. तिथे बाकं आहेत आणि लोक बूट घालूनच आत जातात. तरी ती दारात थांबली, चपला काढल्या आणि अख्खी उपासना थंडगार फरशीवर अनवाणी पाय टेकवून बसली. तिचं बायबल जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेलं असतं. त्यावर कुणी चष्मा ठेवलेलाही तिला खपत नाही.

माझं बायबल फोनमध्ये आहे. त्याच्या डावीकडे जेवण मागवायचं अ‍ॅप, उजवीकडे बँकेचं. मी ते बसमध्ये वाचलंय, अंथरुणात वाचलंय, आणि खरं सांगायचं तर बाथरूममध्येही. वाचता वाचता वरून ऑफिसचा मेसेज उतरतो आणि स्तोत्र अर्ध्यावर राहतं. यात पाप आहे असं मला वाटत नाही. पण आजीकडे जे आहे ते माझ्याकडे नाही, एवढं कळतं.

आजीला एखादा माणूस आवडला की ती म्हणते, 'देवभीरू आहे हो.' मला हा शब्द कधीच आवडला नाही. देवाला भ्यायचं कशाला? योहानाच्या पहिल्या पत्रात तर प्रेम आणि भीती एका घरात नांदू शकत नाहीत अशा अर्थाचं लिहिलंय. पण त्याच बायबलात, नीतिसूत्रांच्या पुस्तकात, शहाणपणाची सुरुवात देवाच्या भयापासून होते असंही सांगितलंय. तिथला मूळ हिब्रू शब्द 'यिरा'. त्यात भीतीही येते आणि आदरही. मराठीत आला तो 'भय' होऊन, आणि आदराची बाजू आमच्या कानाला कमी ऐकू यायला लागली.

आमच्या युवासभांनी यावर सोपा उपाय काढला. गिटार, ड्रम, आणि येशू आपला बेस्ट फ्रेंड. मीही तिथे गिटार वाजवायचो, तेव्हा थट्टा करायचा हक्क मला नाही. शिवाय देवाशी सलगी ही काही आमच्या पिढीनं आणलेली नाही. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला वारकऱ्यांच्या भाषेत आई म्हणून हाक मारली. टिळकांची भजनं आजीला तोंडपाठ आहेत. म्हणजे फरशीवर अनवाणी बसणारी ती आणि देवाला आई म्हणणारीही तीच. तिला त्यात विसंगती दिसत नाही. मला दिसायची.

लूकच्या शुभवर्तमानात एक प्रसंग आहे. पेत्र रात्रभर जाळं टाकून रिकाम्या हातानं परत आलाय. येशू सांगतो, पुन्हा टाक. आणि इतके मासे लागतात की जाळी फाटायला येतात. आपण काय केलं असतं? आनंदानं ओरडलो असतो, फोटो काढला असता. पेत्र गुडघ्यांवर कोसळतो आणि येशूला म्हणतो, माझ्यापासून दूर जा, मी पापी माणूस आहे. त्याला कुणी धमकावलेलं नाही, उलट धंद्यातला सगळ्यात मोठा फायदा झालाय. तरी तो हादरतो. आणि नंतर दूर जात नाही तर नाही, होडी किनाऱ्याला लावून, सगळं सोडून त्याच माणसामागे निघतो.

हा थरकाप आणि ही ओढ एकाच वेळी कशी असते, यावर जर्मन विचारवंत रुडॉल्फ ओटो यांनी १९१७ साली अख्खं पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी गीतेच्या अकराव्या अध्यायाचाही दाखला दिलाय. तिथे अर्जुन विश्वरूप पाहतो आणि आजवर 'अरे मित्रा' म्हणून थट्टामस्करी केली त्याची माफी मागतो. मैत्री खोटी होती म्हणून नव्हे, मित्र कोण आहे ते आता कळलं म्हणून.

सगळंच मला पटतं असं नाही. कराराचा कोश गाडीवरून पडू नये म्हणून उज्जानं हात लावला आणि तो जागीच मेला, ही गोष्ट मला अजून पचलेली नाही. पाळकांनी केलेले खुलासेही नाहीत.

आणि नुसता अंगावर काटा येण्याचंही मला फार कौतुक नाही. तो एखाद्या चांगल्या कॉन्सर्टमध्येही येतो, आणि घरी जाईपर्यंत उतरतो.

माझी अडचण झाली ती लेवीय नावाच्या पुस्तकात. बायबल सलग वाचायला घेतलेली बहुतेक माणसं इथेच सोडून देतात. मीही दोनदा सोडलंय. त्याच्या १९व्या अध्यायात नियमांच्या गर्दीत एक आज्ञा आहे: बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नकोस, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नकोस. आणि लगेच पुढे, देवाचं भय धर. मी तिथे थांबलो. बहिऱ्याला शिवी ऐकू येणार नाही. आंधळ्याला धोंडा कुणी ठेवला ते दिसणार नाही. पकडलं जाण्याची शक्यता शून्य. माणसाचं भय जिथे संपतं, नेमकं तिथे देवाचं भय लिहिलंय. निर्गममध्येही तसंच. शिफ्रा आणि पुवा या सुइणी देवाला भितात, म्हणून फारोनं मुलगे मारायला सांगूनही मारत नाहीत. सगळ्यात मोठ्याला भ्यायल्या, मग राजाचं भय तेवढं उरलं नाही.

आता माझं. आधीच्या नोकरीत मी बिलं भरायच्या एका अ‍ॅपवर काम करायचो. एक टास्क आला: शेवटच्या स्क्रीनवर एक छोटी 'सुरक्षा योजना' आहे, तिच्या चौकटीत आधीच बरोबरची खूण हवी. कोडमध्ये एका ओळीचा बदल, 'फॉल्स' होतं तिथे 'ट्रू'. ज्याला नको असेल त्यानं खूण काढावी. चाचणी झाली, आकडे वर गेले, टीमला पिझ्झा मिळाला. खूण कुणी काढली नाही ते ग्राहकसेवेच्या तक्रारींत दिसत होतं. म्हातारी माणसं. बारीक अक्षरातलं इंग्रजी न वाचता येणारी माणसं. कितीतरी जणांनी तर तक्रारही केली नसणार, कारण त्यांना कळलंच नव्हतं. मी त्या तक्रारी वाचल्या आणि अप्रेझल जवळ आलंय हे आठवून टॅब बंद केली. त्याच रविवारी चर्चमध्ये गिटारही वाजवली, डोळे मिटून.

३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं असल्या फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यात १३ प्रकार नावानिशी दिलेत. गिऱ्हाइकाच्या टोपलीत न विचारता काही सरकवणं हा त्यातलाच एक. कायदा विभागाचा मेल आला आणि खूण दोन दिवसांत निघाली. ओळ मीच बदलली. देवाचं भय जुन्या काळचं वाटणाऱ्या मला दंडाच्या भयानं दोन दिवसांत सरळ केलं.

लेवीयातली ती आज्ञा मी यानंतर काही महिन्यांनी वाचली. खूप दिवस कुणाला बोललो नाही. मग दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो तेव्हा आजीला सांगितलं. चौकट, खूण हे तिला कळायला वेळ लागला. शेवटी मी म्हटलं, समज, दुकानदारानं न विचारता पिशवीत साबण टाकला आणि पैसे लावले.

ती तांदूळ निवडत होती. जक्कयाची गोष्ट काढेल असं मला वाटलं होतं, लोकांकडून उकळलेलं चौपट परत देईन म्हणणाऱ्या त्या जकातदाराची. तिनं काढली नाही.

"आता टाकत नाहीत ना साबण?"

"नाही."

"आणि आधी घेतलेले पैसे?"

"ते कंपनीकडेच."

तिनं ताटातला एक खडा उचलून बाजूला ठेवला.

"आणि तुझा पगार त्यातलाच ना रे?"